जांभळा सब्जा : बक्षीस कॉलेजला, बी कुणाचं?



नर्सरीत हल्ली 'पर्पल बेसिल' नावाचं रोप मिळतं. पान गर्द जांभळं, जवळजवळ काळपट. बरेच जण त्याला कृष्णतुळस समजून घेऊन येतात. ती कृष्णतुळस नाही. कृष्णतुळशीची जात वेगळी. हे रोप आहे आपल्या सब्ज्याचं भावंड. फालुद्यात घालतो ते काळं बी, दर्ग्यावर फुलांबरोबर वाहतात ती वासाची पानं, तोच हा सब्जा. फक्त रंग जांभळा. मूळ फारसी शब्द 'सब्ज' म्हणजे हिरवा, म्हणजे आपण 'जांभळा हिरवा' असंच म्हणतोय की!

आता याचा इतिहास बघा, कारण बी धरणाऱ्याला तो उपयोगी आहे.

तुर्कस्तानात याला 'रेहान' म्हणतात. हिरव्या सब्ज्याला तिथं वेगळा शब्द आहे, 'फेसलेन'. नाव वेगळं पडलं म्हणजे लोकांनी हे रोप पिढ्यान् पिढ्या वेगळं म्हणून सांभाळलं असणार. मालत्या प्रांतातलं आरापगीर हे गाव आजही जांभळ्या रेहानसाठी ओळखलं जातं. इराणमध्ये जेवणाबरोबर कच्च्या पाल्याचं ताट ठेवतात, त्यात जांभळा रेहान असतो. आर्मेनिया, अझरबैजानमध्येही तेच. पानांवर गरम पाणी ओतून लिंबू पिळलं की पाण्याला लालगुलाबी रंग चढतो, साखर घालून सरबत करतात. हा रंग अँथोसायनिनचा. आंबट लागलं की तो लाल होतो. कोकम, जांभूळ यांचा रंगही याच कुळातला.

तुर्कस्तानातून आलेलं असलंच बी अमेरिकेत पोचलं. १९५० च्या दशकात कनेक्टिकट विद्यापीठात जॉन स्कारचक आणि जोसेफ लेंट या दोघांनी त्यातून निवड करत एक वाण तयार केला. नाव दिलं 'डार्क ओपल'. १९६२ साली त्याला 'ऑल-अमेरिका सिलेक्शन्स'चं बक्षीस मिळालं. ही संस्था नव्या बागायती वाणांच्या चाचण्या घेऊन उत्तम वाण जाहीर करते. बक्षिसामुळं हे रोप घरोघरच्या बागेत गेलं. पुढं १९८७ साली झालरीच्या पानांच्या 'पर्पल रफल्स'लाही तेच बक्षीस मिळालं.

पण खरी गोम पुढं आहे. डार्क ओपलचा रंग टिकेना. जांभळ्या झाडाच्या बियांतून काही रोपं हिरवी निघायची, काहींच्या पानावर हिरवे डाग. स्कारचक आणि लेंट यांनी स्वतःच १९६५ साली अशा मिश्र रंगाच्या झाडांवर लेख लिहिला. ३५ वर्षांनी, २००० साली, फिपेन आणि सायमन या शास्त्रज्ञांनी जांभळ्या सब्ज्याचा रंग पुढच्या पिढीत कसा उतरतो आणि का बिघडतो यावर पुन्हा काम केलं. म्हणजे बक्षीस मिळालं तरी वाण आपोआप शुद्ध राहत नाही. त्याच्यामागं दर पिढीला कुणीतरी उभं राहावं लागतं.

मला इथं एक गोष्ट सांगायची आहे. कॉलेजचं काम मोठंच, त्यात शंका नाही. पण निवडायला जांभळं झाड हातात आलं कुठून? ज्यांनी परसात हिरवं रोप उपटलं आणि जांभळ्याचं बी राखलं, त्यांच्याकडून. त्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत. आपल्या गावठी वांग्याचं, वालाचं, ज्वारीचंही हेच आहे. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा हक्क लिहिलेला आहे, पण हक्क कागदावर असून भागत नाही, बी मडक्यात लागतं.

आता परसातलं काम, थोडक्यात :

१. बी बारीक. वर मातीचा पातळ थर पुरे. पाणी शिंपडूनच द्या.

२. ऊन भरपूर हवं. सावलीत रंग फिका, हिरवट पडतो.

३. पाणी साचू देऊ नका. दमट हवेत दाटी झाली की केवडा येतो, पानाखाली करडी बुरशी दिसते.

४. पाल्यासाठी लावलं असेल तर तुरा खुडत राहा.

५. बी धरायचं असेल तर जवळ हिरवा सब्जा फुलू देऊ नका. मधमाश्या भेसळ करतात. हिरवी, डागाळ रोपं लहानपणीच काढा. एकाच झाडाचं बी न धरता चांगल्या पाच-दहा झाडांचं मिसळून धरा.

तुर्कस्तानातल्या बायाबापड्यांनी केलं ते एवढंच. यंदा तुरे वाळले की बी धरा, आणि शेजाऱ्याला चिमूटभर द्या. एका घरचं गेलं तर दुसऱ्या घरी सापडेल.