संगणकविज्ञान व संगणकीय खेळांची निर्मिती : विद्यापीठीय शिक्षण

संगणकविज्ञानाच्या मूलतत्त्वांच्या आधारे संगणकावर खेळावयाच्या खेळांची रचना व निर्मिती कशी करावी, याचे पदवी व पदव्युत्तर पातळीवर दिले जाणारे शिक्षण. या शिक्षणात सामान्यतः दोन धारा आढळतात. एका धारेत संगणकविज्ञान ही मुख्य विद्याशाखा असून खेळ हे तिच्या उपयोजनाचे एक क्षेत्र मानले जाते. दुसरीत खेळनिर्मिती हा स्वतंत्र व्यवसाय समजून त्याला लागणारी कौशल्ये प्रारंभापासून शिकविली जातात. या दोन धारांमधील ताण हा या शिक्षणाच्या इतिहासाचा मुख्य धागा होय. स्वतंत्र पदवीचा विषय म्हणून खेळनिर्मितीला १९९० नंतरच्या दशकात मान्यता मिळाली. तथापि विद्यापीठांतील संगणक व खेळ यांचा संबंध जवळजवळ संगणकाइतकाच जुना आहे.

पूर्वपीठिका : केंब्रिज विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेत मॉरिस विल्क्स (१९१३–२०१०) यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला ‘एडसॅक’ हा संगणक मे १९४९ मध्ये कार्यान्वित झाला. याच प्रयोगशाळेने १९५३ मध्ये संख्यात्मक विश्लेषण व स्वयंचलित संगणन या विषयाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. संगणनाचे रीतसर अध्यापन करून त्याबद्दल अर्हता देणारा हा जगातील पहिला अभ्यासक्रम समजला जातो. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९५२ मध्ये, ए. एस्. डग्लस (१९२१–२०१०) या संशोधक विद्यार्थ्याने आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधाच्या संदर्भात एडसॅकवर फुलीगोळ्याचा खेळ बसविला होता. खेळाडूने टेलिफोनच्या तबकडीने आपले घर निवडावयाचे आणि संगणकाने आपली खेळी ऋण किरण नलिकेवर ठिपक्यांनी दाखवावयाची, अशी त्याची योजना होती. मानव व यंत्र यांच्यातील देवघेव कशी होते, हा या प्रयोगामागील प्रश्न होता. करमणूक हा त्याचा हेतू नव्हता.

इतरत्रही खेळांकडे याच दृष्टीने पाहिले जात होते. अमेरिकन शास्त्रज्ञ क्लॉड शॅनन (१९१६–२००१) यांनी संगणकाने बुद्धिबळ कसे खेळावे याविषयीचा निबंध १९५० मध्ये प्रसिद्ध केला. क्रिस्टोफर स्ट्रेची (१९१६–७५) यांनी मँचेस्टर विद्यापीठातील संगणकावर ड्राफ्ट्सचा खेळ १९५२ मध्ये यशस्वी रीत्या चालविला. पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठातील आज्ञावली संशोधन गटाचे नेतृत्व त्यांच्याकडेच आले. नियम काटेकोर, जयपराजय निर्विवाद आणि तरीही संभाव्य खेळ्यांची संख्या प्रचंड, या गुणांमुळे बैठे खेळ हे यंत्राच्या विचारशक्तीची कसोटी पाहण्यास सोयीचे ठरले [⟶ कृत्रिम बुद्धिमत्ता].

प्रयोगशाळांतील खेळ : संगणकविज्ञान ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून १९६० नंतर स्थिरावली. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९६२ मध्ये व स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६५ मध्ये संगणकविज्ञानाचे विभाग स्थापन झाले. १९६८ मध्ये ‘असोसिएशन फॉर कंप्यूटिंग मशिनरी’ या संस्थेने पदवीचा आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. या अभ्यासक्रमात खेळनिर्मितीला स्वतंत्र विषयाचे स्थान नव्हते. प्रयोगशाळेत मात्र खेळ चालूच होते. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला १९६१ मध्ये देणगीदाखल मिळालेल्या ‘पीडीपी–१’ या संगणकावर स्टीव्ह रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये ‘स्पेसवॉर’ हा दोन अवकाशयानांच्या द्वंद्वाचा खेळ तयार केला. मूळ खेळात इतरांनी भर घातली : एकाने ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण आणले, दुसऱ्याने पार्श्वभूमीवर आकाशातील खऱ्या ताऱ्यांचा नकाशा मांडला. दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली वाचणे, तीत सुधारणा करणे व ती पुन्हा सर्वांच्या हाती देणे, ही आज सॉफ्टवेअर व्यवसायाचा पाया असलेली शिस्त येथे कोणत्याही तासिकेविना अंगवळणी पडली.

इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये ‘मड’ या बहुखेळाडू खेळाचा प्रारंभ केला व रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे वाढविला. यात चित्रे नव्हती. सर्व व्यवहार शब्दांतून चाले. परंतु अनेक खेळाडू एकाच काल्पनिक जगात एकाच वेळी वावरत असताना त्या जगाची स्थिती सर्वांसाठी सारखी कशी राखावयाची, हा वितरित संगणनातील कठीण प्रश्न त्यात प्रत्यक्ष उभा राहिला. आजच्या आंतरजालावरील प्रचंड बहुखेळाडू खेळांचे मूळ या प्रयोगात सापडते. बार्टल पुढे याच विद्यापीठात खेळरचनेचे अध्यापन करू लागले. विद्यार्थ्याचा फावल्या वेळचा उद्योग कालांतराने अध्यापनाचा विषय बनतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

संगणकीय आलेखिकी : आजच्या खेळांच्या दृश्य स्वरूपाचा पाया मुख्यतः अमेरिकेतील यूटा विद्यापीठात घातला गेला. आयव्हन सदरलंड (जन्म १९३८) यांनी १९६३ च्या आपल्या प्रबंधात पडद्यावर थेट रेखाटन करणारी ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली सादर केली होती. ते १९६८ मध्ये डेव्हिड एव्हान्स (१९२४–९८) यांच्यासमवेत यूटा येथे आले. त्यांच्या विभागात हेन्री गुरो यांनी १९७१ मध्ये व बुइ तुआँग फाँग यांनी १९७३ मध्ये वक्र पृष्ठांवरील छायाप्रकाश गणिताने दाखविण्याच्या रीती शोधल्या. एड कॅटमल यांनी १९७४ च्या प्रबंधात पृष्ठावर पोत चढविण्याची पद्धती मांडली. याच विद्यापीठातून १९६८ मध्ये विद्युत् अभियांत्रिकीची पदवी घेतलेले नोलन बुशनेल (जन्म १९४३) हे ‘कंप्यूटर स्पेस’ या १९७१ मधील नाणे टाकून खेळावयाच्या खेळाचे एक निर्माते होत. हा खेळ ‘स्पेसवॉर’वरच आधारलेला होता. अशा रीतीने प्रयोगशाळेतील खेळ बाजारात आला व एका नव्या उद्योगाला प्रारंभ झाला.

स्वतंत्र पदव्यांचा उदय : पहिली दोन दशके या उद्योगातील बहुतेक कारागीर स्वयंशिक्षित होते. ब्रिटनमध्ये १९८१ मध्ये आलेला ‘बीबीसी मायक्रो’ व १९८२ मधील ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हे घरगुती संगणक सुरू करताच आज्ञा लिहिण्यास सज्ज असत. त्यामुळे अनेक मुले शाळकरी वयातच खेळ लिहू लागली. स्कॉटलंडमधील डंडी या शहराचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तेथील टायमेक्स कंपनीच्या कारखान्यात स्पेक्ट्रम संगणकांची जुळणी होत असे. हा कारखाना कामगार संघर्षानंतर १९९३ मध्ये बंद पडला. परंतु संगणकांशी जडलेला शहराचा संबंध टिकून राहिला. तेथील तंत्रशिक्षण संस्थेचे विद्यार्थी डेव्हिड जोन्स यांनी स्थापन केलेल्या ‘डीएमए डिझाइन’ या कंपनीचा ‘लेमिंग्ज’ हा खेळ १९९१ मध्ये जगभर गाजला. याच तंत्रशिक्षण संस्थेला १९९४ मध्ये अ‍ॅबर्टे विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि १९९७ मध्ये तिने संगणकीय खेळांच्या तंत्रविद्येची पदवी सुरू केली. जगातील या प्रकारच्या अगदी आरंभीच्या पदव्यांत तिची गणना होते. कारखान्याकडून उद्योगाकडे व उद्योगाकडून विद्यापीठाकडे असा हा प्रवास आहे.

उत्तर अमेरिकेत ‘डिजिपेन’ या संस्थेने व्हँकूव्हर येथे १९९४ मध्ये खेळांच्या आज्ञावलीलेखनाची दोन वर्षांची पदविका सुरू केली. १९९८ मध्ये तिने वॉशिंग्टन राज्यातील रेडमंड येथे पदवीशिक्षणास प्रारंभ केला. कार्नेगी मेलन विद्यापीठात रँडी पाउश (१९६०–२००८) व डॉनल्ड मॅरिनेली यांनी १९९८ च्या सुमारास मनोरंजन तंत्रविद्येचे केंद्र उभारले. पाउश संगणकविज्ञानाचे, तर मॅरिनेली नाट्यशास्त्राचे प्राध्यापक होते. कलावंत व आज्ञावलीकार यांना एकाच गटात काम करावयास लावणे, हे या केंद्राचे वैशिष्ट्य होय.

अभ्यासक्रमाचे स्वरूप : खेळनिर्मितीच्या पदवीत आज्ञावलीलेखन, माहितीच्या संरचना, संगणकाची अंतर्गत रचना, संगणकीय आलेखिकी, कृत्रिम बुद्धिमत्ता, जालव्यवस्था, खेळरचना आणि गटाने करावयाचा प्रकल्प हे विषय सामान्यतः असतात. गणिताचा वाटा बाहेरून दिसतो त्याहून मोठा आहे. पडद्यावरील प्रत्येक वस्तू हलविण्यासाठी सदिश व आव्यूह यांची गरज लागते. वस्तूचे त्रिमितीतील परिवलन दर्शविण्यासाठी आयरिश गणितज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १८४३ मध्ये शोधलेल्या क्वाटर्निअन या संख्या वापरतात. शत्रुपात्राने अडथळे टाळून खेळाडूपर्यंत पोहोचावे, यासाठी १९६८ मध्ये फिरत्या यंत्रमानवावरील संशोधनातून निघालेली ‘ए-स्टार’ ही मार्गशोधनाची रीत उपयोगी पडते.

खेळाची आज्ञावली इतर आज्ञावलींहून मुख्यतः एका बाबतीत वेगळी असते, ती म्हणजे वेळेचे बंधन. सेकंदाला ६० चित्रे दाखवावयाची असतील, तर खेळाडूची आज्ञा वाचणे, वस्तूंची गती मोजणे, टकरी तपासणे व चित्र रेखाटणे ही सर्व कामे सु. १६.७ मिलिसेकंदांत पुरी व्हावी लागतात. एक हजार वस्तूंपैकी कोणत्या दोन परस्परांवर आदळल्या, हे प्रत्येक जोडी घेऊन पाहू गेल्यास ४,९९,५०० तपासण्या कराव्या लागतात. अवकाशाचे लहान चौकटींत विभाजन करून केवळ शेजारच्या वस्तू तपासल्यास हे काम आटोक्यात येते. योग्य संरचना निवडण्याचे महत्त्व विद्यार्थ्याला येथे डोळ्यांनी दिसते. चुकीची निवड केल्यास खेळ अडखळतो.

मूलतत्त्वे की साधने : ब्रिटनमध्ये २००० नंतर खेळविषयक पदव्यांची संख्या झपाट्याने वाढली, मात्र त्यांच्या गुणवत्तेबद्दल उद्योगातूनच तक्रारी येऊ लागल्या. इअन लिव्हिंगस्टन व अ‍ॅलेक्स होप यांनी सिद्ध केलेला व ‘नेस्टा’ या संस्थेने फेब्रुवारी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल या संदर्भात महत्त्वाचा आहे. अनेक विशेष पदव्यांत गणित व संगणकविज्ञान यांचा पाया कच्चा राहतो आणि शाळांतून केवळ कार्यालयीन सॉफ्टवेअर वापरण्याचे शिक्षण मिळते, असा त्याचा निष्कर्ष होता. इंग्लंडच्या शालेय अभ्यासक्रमात सप्टेंबर २०१४ पासून आज्ञावलीलेखनासह संगणन हा विषय आला, त्यामागे या अहवालाचा मोठा वाटा होता. संगणकविज्ञानाच्या प्रवेशार्थींची संख्या व पूर्वतयारी घटत असल्याचे केंब्रिजमधील अध्यापकांनाही जाणवले होते. त्यातूनच ‘रास्पबेरी पाय’ या स्वस्त संगणकाची कल्पना निघाली व तो २०१२ मध्ये विक्रीस आला.

साधनांवर आधारलेल्या शिक्षणाची मर्यादा लवकरच प्रत्ययास आली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००६ मध्ये आणलेला ‘एक्सएनए’ हा साधनसंच विद्यार्थ्यांत लोकप्रिय होता. त्याचा पुढील विकास २०१३ मध्ये थांबविण्यात आला. ‘फ्लॅश’ या एके काळी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या माध्यमाला मिळणारे साहाय्य २०२० च्या अखेरीस संपले. ज्याने केवळ हे साधन हाताळावयास शिकून घेतले, त्याचे ज्ञान साधनाबरोबर कालबाह्य झाले. ज्याने त्यामागील गणित व आज्ञावलीलेखन आत्मसात केले, त्याला ‘युनिटी’ किंवा ‘अनरिअल’ यांसारख्या नव्या साधनाकडे वळणे तुलनेने सोपे गेले. उलट बाजूही विचारात घेण्याजोगी आहे. केवळ सिद्धांत शिकलेल्या पदवीधराला पूर्ण झालेला एकही खेळ दाखविता येत नाही आणि नोकरी देणारे प्रथम तेच पाहतात. त्यातच २०२३ व २०२४ या वर्षांत अनेक खेळनिर्मिती कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर नोकरकपात केली. त्यामुळे इतर क्षेत्रांतही चालेल अशा पदवीचे मोल अधिकच जाणवू लागले.

भारत : भारतात संगणकविद्येचा पाया टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घातला गेला. तेथे आर्. नरसिंहन् (१९२६–२००७) व त्यांच्या सहकाऱ्यांनी बनविलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये मुंबईत कार्यान्वित झाला. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत १९६३ मध्ये ‘आयबीएम १६२०’ हा संगणक येऊन विद्यार्थ्यांना आज्ञावलीलेखन शिकविण्यास प्रारंभ झाला. खेळनिर्मितीच्या शिक्षणाची वाट मात्र येथे बव्हंशी अभिकल्प शाखेतून आली. राष्ट्रीय अभिकल्प संस्थेच्या बंगळुरू येथील केंद्रात अंकीय खेळांच्या अभिकल्पाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. केंद्र शासनाने चलचित्रण, दृश्य परिणाम व खेळ या क्षेत्रांसाठी २०२२ मध्ये कृतिदल नेमले आणि या विषयांचे राष्ट्रीय केंद्र मुंबईत स्थापण्यास सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. पाया आणि साधने यांचा मेळ कसा घालावयाचा, हा ब्रिटनपुढे आलेला प्रश्न अशा संस्थांनाही टाळता येणार नाही.

महत्त्व : खेळांचा अभ्यास हा विद्येचा अपव्यय होय, हा आक्षेप जुना आहे, परंतु इतिहासाची साक्ष त्याविरुद्ध जाते. खेळांतील चित्रे वेगाने रेखाटण्यासाठी विकसित झालेले आलेखिकी प्रक्रियक २००७ नंतर सर्वसाधारण गणनासाठी वापरणे सोपे झाले. टोराँटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रतिमा ओळखणारे जे गाजलेले चेताजाल सिद्ध केले, ते खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या अशा दोन प्रक्रियकांवर प्रशिक्षित केलेले होते. डेमिस हॅसाबिस (जन्म १९७६) यांनी किशोरवयात ‘थीम पार्क’ (१९९४) या खेळाच्या निर्मितीत भाग घेतला, १९९७ मध्ये केंब्रिज येथे संगणकविज्ञानाची पदवी घेतली, स्वतःची खेळनिर्मिती कंपनी चालविली व नंतर मेंदूविज्ञानात डॉक्टरेट मिळविली. त्यांनी सहकाऱ्यांसह २०१० मध्ये स्थापन केलेल्या ‘डीपमाइंड’ या संस्थेने आपल्या प्रणालींची पहिली परीक्षा जुन्या अटारी खेळांवरच घेतली. प्रथिनांच्या रचनेविषयीच्या भाकितासाठी हॅसाबिस २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. त्यांच्या शिक्षणात खेळ व संगणकविज्ञान यांनी परस्परांची जागा घेतली नाही. दोन्ही एकमेकांस पूरक ठरली. खेळनिर्मितीच्या पदवीची योग्यताही याच निकषावर ठरते : खेळ हा विज्ञानाच्या अभ्यासाचा पर्याय न होता त्या अभ्यासास प्रवृत्त करणारे निमित्त झाला, तर ती पदवी विद्यापीठाच्या परंपरेशी सुसंगत होय.