आईची तिकिटांची वही

माझी आई एका सरकारी कचेरीत बारनिशीला होती. बारनिशी म्हणजे आवक-जावक. कचेरीत आलेला प्रत्येक कागद तिच्या टेबलावरून आत जायचा आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदावर ती जावक क्रमांक टाकायची. टेबलावर छोटा वजनकाटा, डिंकाची बाटली आणि एक जाड वही. वहीत रोजची नोंद असे: कुठल्या गावाला, किती लखोटे, किती रुपयांची तिकिटं लावली, किती शिल्लक राहिली. महिन्याच्या शेवटी एक रुपयाचा जरी फरक आला, तरी ती जोगेश्वरी स्टेशनवर उतरून घरी पोचेपर्यंत मनातल्या मनात बेरीज करत असायची.

तिच्या नोकरीतली एक गोष्ट मला लहानपणापासून पाठ आहे. कचेरीत सात शाखा होत्या. एकाच दिवशी सातही शाखांकडून एकाच तालुक्याच्या कार्यालयाला सात वेगवेगळे लखोटे निघत आणि सातांवर सात वेळा तिकीट लागे. आईने एक दिवस सगळे एका मोठ्या पाकिटात घातले, वर यादी जोडली आणि एकच पार्सल पाठवलं. साहेब खूश झाले. दोन शाखांचे कारकून मात्र रुसले. त्यांचं म्हणणं, ‘आमचा कागद आमच्या लखोट्यातूनच गेला पाहिजे.’

आईला या युक्तीचं नाव माहीत नव्हतं. आज मॅनेजमेंटच्या पुस्तकात तिला ‘स्ट्रॅटेजिक सोर्सिंग’ म्हणतात. विखुरलेली खरेदी आधी एकत्र मोजायची, कुठे किती जातं ते पाहायचं, नको ते कमी करायचं आणि मग सगळा गठ्ठा पुढे ठेवून एकदाच भाव करायचा. हे शोधायला लागल्यावर लक्षात आलं की, सरकार स्वतःचं टपाल स्वस्तात कसं पाठवायचं या प्रश्नाशी दोनशे वर्षं झगडतंय. त्या झगड्यातला एक मोठा डाव आपल्या मुंबईच्या धक्क्यावर खेळला गेला.

फुकट टपालाची किंमत

कंपनी सरकारच्या काळात टपालाचा दर अंतरावर ठरायचा. १८३७ च्या कायद्यानंतर कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाचं पत्र पाठवायला एक रुपया पडे. सामान्य माणसाच्या दृष्टीने ही चैनच होती. त्याच वेळी सरकारी कागद मात्र साहेबाच्या सहीवर फुकट जात. अवजड दप्तरं आणि पार्सलं ‘बंगी’ने जात. बंगी म्हणजे खांद्यावरची कावड. दोन टोकांना पेट्या लटकवून माणूस टप्प्याटप्प्याने पळायचा.

आता ‘फुकट’ या शब्दाकडे जरा नीट बघा. हरकाऱ्याचा पगार, घोडे, चौक्या हे सगळं कुणीतरी भरतच होतं. पण पाठवणाऱ्या खात्याच्या हिशोबात तो खर्च दिसत नव्हता. त्यामुळे तो कमी करावा असं कुणालाच वाटत नव्हतं. सहीचा हक्क असलेल्या साहेबाच्या लखोट्यातून त्याच्या मित्रमंडळींची पत्रंही फिरत.

१८५० साली नेमलेल्या चौकशी आयोगाने हे सगळं तपासलं. त्यातून १८५४ चा टपाल कायदा आला. देशात कुठेही पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, असा एकच दर ठरला आणि फुकट टपालाची सवलत आखडत गेली. मग १ ऑगस्ट १८६६ रोजी नेहमीच्या तिकिटांवर ‘सर्व्हिस’ असा शिक्का छापून खास सरकारी तिकिटं निघाली. सरकारी खात्याने आपल्या टपालावर हीच तिकिटं लावायची.

वरवर पाहता हा वेडेपणा वाटतो. टपाल खातं सरकारचं, तिकीट सरकारचं, पैसेही सरकारचे. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातले, एवढंच! पण या छोट्या कागदाने एक मोठं काम केलं. प्रत्येक खात्याचा टपालखर्च त्या खात्याच्या नावावर दिसायला लागला. तिकिटं मागवायची तर आधीची कुठे गेली ते सांगावं लागे. आईची जाड वही ही त्या १८६६ च्या तिकिटाचीच नातवंड.

मुंबई ते सुएझ

जमिनीवर हे चाललं असताना समुद्रावरचा खर्च त्याहून अवघड होता. विलायतेचं टपाल केप ऑफ गुड होपला वळसा घालून यायला कित्येक महिने लागत. मुंबई सरकारने जवळचा रस्ता शोधला: मुंबईहून बोटीने सुएझ, तिथून जमिनीवरून भूमध्य समुद्र, पुढे पुन्हा बोट. २० मार्च १८३० रोजी मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही वाफेची बोट टपाल घेऊन निघाली आणि महिन्याभराने सुएझला पोचली.

प्रयोग यशस्वी झाला, पण लंडनमधले कंपनीचे संचालक खर्चाने चिडले. बोट कोळसा इतका खायची की तो आधीच वाटेतल्या बंदरांत नेऊन साठवावा लागे. पुढे १८३९ साली मुंबईहून गेलेल्या फौजेने एडन जिंकलं. त्यामागच्या कारणांत या बोटींना कोळशाचं ठाणं हवं होतं, हेही एक ठळक कारण. टपालाच्या खर्चात बंदर जिंकण्याचा खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा, हा प्रश्न आईला विचारला असता तर ती काय म्हणाली असती कोण जाणे.

नंतर हिंदुस्थानासाठी दोन वेगळ्या टपालवाटा तयार झाल्या. सुएझ ते कलकत्ता ही वाट पी अँड ओ या खाजगी बोट कंपनीकडे आणि सुएझ ते मुंबई ही वाट ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वतःच्या आरमाराकडे. मालक वेगळे, वेळापत्रकं वेगळी, खर्च दोन्हीकडे. १८५० नंतर लंडनमध्ये संसदेच्या समितीपुढे याची झाडाझडती झाली. पी अँड ओचं म्हणणं, मुंबईची वाटही आम्हाला द्या, आम्ही आरमारापेक्षा फार कमी पैशांत चालवू. १८५४ साली ती वाट त्यांना मिळाली. सात शाखांचे सात लखोटे एका पार्सलात घालण्याचाच हा प्रकार, फक्त समुद्राएवढा.

ही स्वस्ताई आली कुठून? एकाच कंपनीकडे सगळ्या बोटी, कोळशाची ठाणी आणि दुरुस्तीच्या गोद्या आल्यावर खर्च वाटला जातो, हे एक कारण. दुसरं कारण आपल्या घराजवळचं आहे. या बोटींवर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे खलाशी आणि गोव्याचे वाढपी असत. त्यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या तुलनेत अगदीच तुटपुंजा. सरकारने वाचवलेल्या पैशांत या माणसांच्या घामाचाही वाटा होता, पण करारात त्यासाठी रकाना नव्हता.

करार जुना झाला की काय होतं, त्याचंही एक मजेशीर उदाहरण इथेच सापडतं. १८६९ साली सुएझ कालवा उघडला. आता बोट थेट आरपार जाऊ शकत होती. पण करारात टपाल इजिप्तच्या जमिनीवरून नेण्याचं लिहिलेलं. कालव्यातून न्यायचं तर कंपनीला मिळणारी रक्कम कमी करा, असं ब्रिटिश टपाल खातं म्हणे. कंपनी तयार होईना. त्यामुळे काही वर्षं असं चाललं की, टपालाच्या थैल्या अलेक्झांड्रियाला उतरवायच्या, रेल्वेने सुएझला न्यायच्या आणि बोटीवर पुन्हा चढवायच्या. बोट तोवर कालव्यातून निवांत पलीकडे आलेली असायची! जग बदललं होतं, कागद बदलला नव्हता.

पाहिजे तेवढंच तातडीचं

आता दीडशे वर्षं पुढे या. २००५ साली अमेरिकेच्या सरकारला कळलं की, आपली खाती एकाच प्रकारचं काम वेगवेगळ्या भावाने करून घेतायत. प्रत्येक कार्यालयाचं कुरिअर कंपनीशी वेगळं खातं, वेगळा दर. तेव्हा तिथल्या अर्थसंकल्प कार्यालयाने सगळ्या खात्यांना एकत्रित खरेदीचा विचार करायला सांगितलं. पहिल्या काही वस्तूंमध्ये कागद-पेनांसोबत पार्सल पोचवण्याची सेवाही होती. गठ्ठ्यावर भाव मिळालाच, पण हिशोब एकत्र आल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. पुष्कळ पार्सलं विनाकारण ‘उद्याच पोचलं पाहिजे’ या महाग दराने जात होती. ट्रकने दोन दिवसांनी पोचलं असतं तरी कुणाचं काही अडत नव्हतं. खरी बचत अनेकदा घासाघीस करण्याआधी, स्वतःला हा प्रश्न विचारण्यात असते.

आपल्याकडे एकत्रित सरकारी खरेदीची परंपरा जुनी आहे. १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट उभं राहिलं. स्वातंत्र्यानंतर त्याच परंपरेतलं डीजीएस अँड डी हे खातं दरकरार करायचं: भाव एकदा ठरवायचा, मग कुठल्याही कार्यालयाने त्या भावाने माल घ्यायचा. २०१६ साली ‘जेम’ हे ऑनलाइन सरकारी बाजारपेठेचं पोर्टल आलं आणि पुढच्या वर्षी डीजीएस अँड डी बंद झालं. टपाल खात्यानेही मोठ्या गिऱ्हाइकांसाठी ‘आधी बुक करा, पैसे नंतर’ अशी सोय केली आहे. मोजणं आता सोपं झालंय.

परत आलेला लखोटा

इथपर्यंत सगळं छान. पण मला हा लेख लिहावासा वाटला तो एका परत आलेल्या लखोट्यामुळे.

आम्ही तेव्हा जोगेश्वरी पूर्वेला एका टेकडीवरच्या चाळीत राहायचो. पिनकोड ४०००६०. रूळ ओलांडून पश्चिमेला गेलं की ४००१०२. हा सहा आकडी पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी आला. पण पिनकोड तुम्हाला टेकडीच्या पायथ्याशी आणून सोडतो. पुढे ‘मारुतीच्या देवळामागे, नळाच्या उजवीकडे, दुसरी गल्ली’ हे फक्त आमच्या पोस्टमन काकांना ठाऊक.

शेजारच्या काकूंच्या घराची पात्रता ठरवण्यासाठी सुनावणी होती. एका कचेरीने नोटीस पाठवली ती सगळ्यात कमी भाव भरणाऱ्या कुरिअरने. पोरगा नवा, रोज बदलणारा. ‘पत्ता अपूर्ण’ असा शेरा मारून लखोटा परत गेला. सुनावणीच्या दिवशी काकू घरी पापड लाटत होत्या. पुढे सात-आठ महिने हेलपाटे घातल्यावर प्रकरण पुन्हा उघडलं. फाईलमध्ये तो लखोटा टाचलेला होता. काकूंनी तो आईला दाखवला. आईने सवयीने आधी वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाली, ‘बाई गं, किती पैसे वाचवले असतील यांनी? तुमच्या रिक्षाला त्याहून जास्त गेले.’

१८९७ चा जनरल क्लॉजेस कायदा सांगतो की, नीट पत्ता लिहून, पैसे भरून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेला कागद, उलट सिद्ध होईपर्यंत, पोचला असं धरलं जाईल. कायद्याने एवढा भरवसा टाकला, कारण त्यामागे नोंद, सही आणि ओळखीची वाट होती. सरकार नोटीस पाठवतं तेव्हा ते कागदासोबत माणसाचा हक्क पाठवत असतं. निविदेत ‘प्रति लखोटा दर’ असा एकच रकाना ठेवला, तर पाच रुपये वाचतात आणि सुनावणी बुडते. ते नुकसान मात्र ‘फुकट’ टपालासारखंच सरकारच्या वहीत दिसत नाही. ते काकूंच्या वहीत पडतं.

२०२५ साली देशातली रजिस्टर्ड पोस्टाची सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली. माग काढणं सोपं होईल, एका यंत्रणेत खर्चही आटोपशीर होईल. चांगलंच आहे. मी आईला बातमी वाचून दाखवली. ती निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत.

‘स्वस्त केलंन् तर करू देत,’ ती म्हणाली. ‘फक्त वहीत एक रकाना वाढव म्हणावं. किती परत आले, त्याचा.’