आचार्य प्रफुल्लचंद्र राय आणि रसशास्त्राच्या पोथ्या

जुन्या वाड्यांतून दप्तरें उतरवितांना एखादी बखर किंवा महजर हातीं लागला कीं आपण तो जिवापाड जपतों. वैद्यकाची पोथी मात्र बाजूस सारितों. ह्या उपेक्षेनें काय गमावतें, हें आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या चरित्रावरून चांगलें कळतें, असें आम्हांस वाटतें.

राय यांचा जन्म जेसोर जिल्ह्यांतील राडुली येथें ता. २ आगस्ट १८६१ रोजीं झाला. १८८७ सालीं एडिंबरो विद्यापीठाची डी. एस्सी. पदवी मिळवून ते १८८९ पासून कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत शिकवूं लागले. १८९२ त त्यांनीं बेंगॉल केमिकलचा पाया घातला व १८९६ त मर्क्युरस नायट्राइट ह्या पाऱ्याच्या क्षाराचा शोध प्रसिद्ध केला. हें सर्व सुविदित आहे.

फ्रेंच रसायनज्ञ बर्थेलो यांच्या प्रोत्साहनानें राय संस्कृत पोथ्यांच्या शोधास लागले. त्यांच्या हिंदु रसायनाच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ त निघाला. पं. हरिश्चंद्र कविरत्न यांच्यासह संपादिलेला 'रसार्णव' कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीनें १९१० त पुरा केला.

त्यांच्या वाचनाची रीत एका उदाहरणानें स्पष्ट होईल. पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९० त छापिलेल्या 'रसरत्नसमुच्चया'ंत 'रसका'चें सत्त्व काढण्याची कृति आहे: रसक इतर द्रव्यांसह नळी लाविलेल्या मुशींत तापवावा, निळी ज्वाला पांढरी झाली म्हणजे मूस सांडशीनें धरून उपडी करावी आणि वंगासारखें दिसणारें सत्त्व घ्यावें. येथें कोश हात टेकतो. राय यांनीं ओळखिलें कीं, रसक हें जस्ताचें खनिज व सत्त्व म्हणजे खुद्द जस्त. ज्वालेचा रंग टिपणारा ग्रंथकार भट्टीजवळ उभा राहिलेला असला पाहिजे. पुढें १९८० नंतरच्या दशकांत राजस्थानांतील जावर येथें जस्त गाळण्याच्या भट्ट्या व मुशी उत्खननांत निघाल्या.

त्यांचे सर्वच निर्णय टिकले असें नाहीं. नागार्जुनाच्या 'रसरत्नाकरा'स दिलेला सातव्या-आठव्या शतकाचा काळ आम्हांस फार आधींचा वाटतो. परंतु जातिभेदामुळें विद्वानांचा हस्तकलांशीं संबंध तुटला व विद्या खुंटली, हें पहिल्याच खंडांत लिहिण्यास त्यांनीं संकोच केला नाहीं.

ता. १६ जून १९४४ रोजीं ते वारले. वैद्यघराण्यांतील पोथ्या आजही माळ्यावर आहेत. त्यांच्या समासांत कोणीं स्वहस्तें तोळे-मासे किंवा भट्टीची खूण टिपलेली असल्यास त्या पानाची नक्कल आधीं करावी.