दाखलखारीज

गेल्या आषाढांत खेडच्या आसपासच्या एका जुन्या प्राथमिक शाळेंत जाण्याचा प्रसंग मजवर आला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलास जातीच्या दाखल्यासाठीं पणजोबांची शाळेंतील नोंद हवी होती, आणि ती मोडींत असल्यामुळें वाचून देण्याचें काम त्यानें मजकडे सोंपविलें. इतिहास शिकविणाऱ्या मनुष्यास मोडी आलीच पाहिजे अशी त्याची समजूत. ती अगदींच खोटी ठरूं नये येवढी मोडी मला सुदैवानें येते. जगबुडी दुथडी भरून चालली होती, वाट चिखलाची होती. मुख्याध्यापकांनीं पत्र्याची एक पेटी उघडून, कडा वाळवीनें खाल्लेलें जाड पुठ्ठ्याचें बाड माझ्यापुढें ठेविलें. अनुक्रमांक, मुलाचें नांव, बापाचें नांव, धर्म व जात, धंदा, जन्मतारीख, जन्मस्थळ, शाळेंत दाखल झाल्याची तारीख, नांव काढल्याची तारीख आणि कारण, असे त्यांत रकाने होते. शाळाखात्याच्या भाषेंत यास जनरल रजिस्टर म्हणतात. जुने मास्तर मात्र 'दाखलखारीज' म्हणत.

पानें उलटतां उलटतां माझें मूळ काम बाजूलाच राहिलें. एकेका ओळींत एकेक कुटुंब बसलेलें होतें. धंद्याच्या रकान्यांत शेती, मजुरी, क्वचित् गिरणींतील नोकरी. आणि नांव काढल्याच्या कारणांत पानोंपानीं 'मुंबईस गेला' हे दोनच शब्द. हें सर्व कोणीं सांगितलें? मुलास शाळेंत घालावयास आलेल्या, स्वतः निरक्षर अशा बापानें किंवा चुलत्यानें; आणि लिहिलें मास्तरांनीं, त्यांस जसें उमगलें तसें. हे चार-दोन शब्द पुढें कोणाकोणाच्या हातीं जातील आणि त्यांवर काय काय अवलंबून राहील, याची कल्पना सांगणारासहि नव्हती आणि लिहिणारासहि नव्हती.

पेशवाईच्या अखेरीस व त्यानंतर कांहीं वर्षें आपल्याकडे ज्या गांवठी शाळा चालत, त्यांत असलें दप्तर ठेवण्याचें कारणच नव्हतें. पंतोजींस प्रत्येक पोराच्या घरची खडान्‌खडा माहिती असे. कोणाच्या घरीं भात किती पिकलें हेंहि ठाऊक असे, कारण त्यांची दक्षिणा त्याच भातांतून यावयाची. पण ही माहिती पंतोजींच्या डोक्यांत असे आणि त्यांच्याबरोबरच जाई. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत मुंबई सरकारनें कलेक्टरांमार्फत या शाळांची चौकशी सुरू केली. १८२९ च्या सुमारास जी बेरीज झाली तींत साऱ्या इलाख्यांत सतराशेंहून अधिक शाळा व सुमारें पस्तीस हजार विद्यार्थी भरले. र. वि. परुळेकर यांनीं या काळचे कागद परिश्रमपूर्वक प्रसिद्ध केले आहेत. त्या चौकशींत सरकारचा प्रश्न मुख्यतः 'किती?' असा होता, 'कोण?' हा प्रश्न मागाहून आला.

तो आला तो पैशाच्या वाटेनें. १८५४ सालीं सर चार्ल्स वुड यांचा खलिता आला, १८५५ सालीं मुंबई इलाख्यांत शिक्षणखातें स्थापन झालें, आणि पुढील दशकांत परीक्षेंत उतरणाऱ्या मुलांच्या संख्येवर ग्रँट देण्याची पद्धति, जी विलायतेंत नुकतीच निघाली होती, ती आपल्याकडेहि आली. मूल हजर किती दिवस, तें पास झालें कीं नापास, यावर जेथें रुपये मिळावयाचे, तेथें मूल कोण, कोणाचें, किती वर्षांचें हें नक्की असणें ओघानेंच आलें. एकच पोर दोन शाळांच्या पटांवर दाखविण्याचा मोह कित्येकांस होत असला पाहिजे. नाहीं तर डेप्युटीसाहेब येणार म्हटलें कीं मास्तरांच्या पोटांत गोळा उठण्याचें कारण काय? म्हणजे हें बाड मुळांत मास्तरांवर नजर ठेवण्यासाठीं होतें. कुटुंबांची माहिती त्यांत आली ती केवळ मास्तरांचा हिशेब पटावा म्हणून. पण जो कागद सरकारी कामाच्या ओघांत लिहिला गेला त्यास पुराव्याची प्रतिष्ठा आली. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतील ३५ व्या कलमानें सरकारी दप्तरांतील अशा नोंदी कोर्टांत ग्राह्य ठरविल्या. तो कायदा १ जुलै २०२४ पासून जाऊन त्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी तत्त्व तेंच राहिलें आहे.

वयाचीच गोष्ट घ्या. याच खेड तालुक्यांतील शेरवली गांवीं १८ एप्रिल १८५८ रोजीं धोंडो केशव कर्वे यांचा जन्म झाला. बाळपण मुरुडास गेलें. सतरा वर्षांचे असतां मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेस बसण्यासाठीं ते सोबत्यांबरोबर भर पावसांत, पायीं, सह्याद्रि ओलांडून साताऱ्यास गेले. आणि तेथें परीक्षा-कमिटीनें त्यांच्या लहानखोर अंगलटीकडे पाहून हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाहीं असें ठरविलें व त्यांस परत पाठविलें. आत्मवृत्तांत अण्णांनीं ही हकीकत दिली आहे. ज्यानें पुढें शंभरी ओलांडली त्या पुरुषास वय कमी दिसतें म्हणून माघारीं फिरावें लागलें! परंतु विनोद सोडून पाहूं गेल्यास या प्रसंगीं माणसाच्या सांगण्यापेक्षां पाहणाराच्या डोळ्यांस अधिक मान मिळाला, आणि तेथें दाद मागण्यास जागा नव्हती. पुढें पारडें उलट फिरलें. डोळ्यांचें राज्य गेलें आणि कागदाचें आलें. पण तो कागद तरी कसा? जन्ममृत्यूच्या नोंदणीचा सर्व देशास लागू असा कायदा १९६९ सालचा. त्यापूर्वीं कोंकणांतील खेड्यांत मुलाचा जन्म 'थोरल्या पुराच्या सालीं' किंवा 'गौरी उठल्यावर तिसऱ्या दिवशीं' झालेला असे. शाळा जूनमध्यें उघडे. मास्तर पोराकडे एकदां पाहात, सहा किंवा सात वर्षें मोजून मागें जात आणि १ जून लिहून मोकळे होत. आज महाराष्ट्रांतील हजारों वृद्धांचा वाढदिवस एकाच दिवशीं येतो, आणि त्याच दिवसावर कित्येकांस नोकरी मिळाली व त्याच दिवसानें ती संपली. सुप्रीम कोर्टानें १९८८ सालीं असें स्पष्ट सांगितलें कीं शाळेंतील नोंदीस ती कोणाच्या माहितीवरून झाली हें सिद्ध झाल्यावांचून पुरावा म्हणून फारशी किंमत नाहीं. पण कोर्टापर्यंत जातो कोण? कचेरींतल्या मेजाशीं मात्र मास्तरांचा अंदाज अजूनहि ब्रह्मवाक्य आहे.

वयापेक्षांहि जड रकाना जातीचा. १८५६ च्या जूनमध्यें धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलानें प्रवेश मागितला व तो नाकारण्यात आला. एकट्या मुलासाठीं सारी शाळा ओस पाडणें योग्य नाहीं असा मुंबई सरकारचा युक्तिवाद होता. पुढें १८५८ सालीं विलायतेंतील डायरेक्टरांनीं सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असल्याचें बजाविलें. बजाविणें वेगळें आणि बसूं देणें वेगळें. जोतीराव फुल्यांनीं १८८२ च्या हंटर कमिशनपुढें हें गाऱ्हाणें मांडलेंच होतें. खुद्द आपल्या शेजारीं दापोलीस, जेथें महार पलटणींतील पेन्शनरांची मोठी वस्ती होती, तेथें १८९० नंतरच्या काळांत या पेन्शनरांनीं आपल्या मुलांस म्युनिसिपल शाळेंत घ्यावें म्हणून अर्ज केले. पोरें घेतलीं गेलीं तीं ओटीवर बसविण्यासाठीं. त्या काळीं जातीचा रकाना भरला गेला म्हणजे मुलाची बसण्याची जागा ठरली.

याच दापोलीस सुभेदार रामजी सकपाळ पेन्शन घेऊन कांहीं काळ राहिले. त्यांचें मूळ गांव मंडणगडाकडील आंबडवे. पुढें हें कुटुंब साताऱ्यास गेलें, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजीं तेथील सरकारी हायस्कुलाच्या रजिस्टरांत १९१४ या अनुक्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' हें नांव चढलें. गांवावरून आलेलें 'आंबडवेकर' हें आडनांव शाळेंतील एका स्नेहाळ गुरुजींनीं आपल्या स्वतःच्या आडनांवासारखें करून टाकलें असें परंपरेनें सांगतात. तें कसेंहि असो. घरच्या सकपाळांचा मुलगा शाळेच्या वहींत आंबेडकर झाला आणि जगाच्या इतिहासांत तेंच नांव राहिलें. २०१७ पासून महाराष्ट्र सरकार ही तारीख विद्यार्थी दिवस म्हणून पाळतें. कोंकणांत '-कर' प्रत्ययाचीं किती आडनांवें अशीं मास्तरांच्या मेजावर कायमचीं झालीं असतील! घराणें काय म्हणवितें आणि वहींत काय आहे यांत अंतर पडलें तर घराण्यानें वहीप्रमाणें बदलावयाचें, हा नियम तेव्हांपासून चालत आला आहे.

आणि आतां गंमत अशी कीं ज्या रकान्यानें मुलास ओटीवर बसविलें, तोच रकाना त्याच्या नातवाच्या हक्काचा आधार झाला आहे. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनीं ऑगस्ट १९२३ मध्यें मुंबई कायदेमंडळांत सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांस खुल्या करण्याचा ठराव संमत करून घेतला; फीमाफी व शिष्यवृत्त्या येत गेल्या; नंतर राज्यघटना आली. आज महाराष्ट्रांत जातीचा दाखला व त्याची पडताळणी २००१ च्या कायद्यानें होते, आणि त्यासाठीं अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींस ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांस १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या पूर्वींचा पुरावा लागतो. गरीब माणसाच्या घरीं इतका जुना कागद असणार कोठून? सनदा, खतें हीं ज्यांच्या घरीं, त्यांस दाखल्याची निकड नव्हती. ज्यास ती होती त्याच्यापाशीं शाळेची एक ओळ, तीहि आजा शाळेंत गेला असेल तर. २०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्यासाठीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली तेव्हां महसुली कागदांबरोबर शाळांचीं हीं बाडेंहि धुंडाळलीं गेलीं, आणि मोडी वाचणाऱ्यांस एकाएकीं भाव आला. माझा विद्यार्थीहि त्याच लाटेंत मजकडे आला होता.

म्हणूनच जातीचा रकाना पुसून टाका म्हणणाऱ्या माझ्या कांहीं सुशिक्षित मित्रांशीं माझें जमत नाहीं. रकाना पुसल्यानें जात पुसत नाहीं; पुसला जातो तो अन्यायाचा पुरावा. माझी तक्रार निराळी आहे. माहिती एका कामासाठीं घेतली जाते आणि दुसऱ्याच कामासाठीं वापरली जाते. आणि ज्याची ती माहिती त्यास दोन्ही वेळीं कोणी विचारीत नाहीं.

जुन्या बाडाचें एक बरें होतें. तें एका पेटींत होतें. तें पाहावयाचें तर जगबुडी ओलांडून यावें लागे. २०१५ सालीं महाराष्ट्र सरकारनें 'सरल' या नांवाची संगणकीय व्यवस्था काढली. मुलाचा आधार क्रमांक, जात, घरचें उत्पन्न, बँकेचें खातें हें सर्व गुरुजींनीं रात्रीं जागून तींत भरलें. त्यानंतर २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणास अनुसरून प्रत्येक विद्यार्थ्यास 'अपार' हा बारा अंकी क्रमांक देण्याची योजना आली. तीस पालकांची संमति लागते. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालांत सुप्रीम कोर्टानें शाळाप्रवेशास आधार आवश्यक नाहीं असें सांगितलें आहे, आणि वयाचा दाखला नाहीं म्हणून प्रवेश नाकारूं नये असें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचें १४ वें कलम सांगतें. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यांत तर अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीस पालकांची पडताळलेली संमति हवी असें म्हटलें आहे. कायदे चांगले आहेत. पण संमतीचा कागद पालकांपुढें येतो तो वह्या, गणवेश आणि पोषण आहार यांच्या कागदांच्या गठ्ठ्यांत, आणि मुंबईहून दोन दिवसांच्या रजेवर आलेला बाप दाखवाल तेथें सही करतो. त्याच्या आज्यानें केलें त्याहून हें फारसें वेगळें नाहीं.

माझ्या नात्यांतील एका मुलीच्या शाळेनें, तिचें नांव घेण्याचें कारण नाहीं, शिष्यवृत्तीची यादी पालकांच्या मोबाईलवरील गटांत टाकली: नांव, जात, उत्पन्न, खातेक्रमांक, सर्व कांहीं. हेतु निर्मळ होता. कोणाचा पैसा अडूं नये इतकाच. दुसऱ्या दिवशीं वर्गांत एका मैत्रिणीनें तिला तिच्या बापाच्या उत्पन्नाचा आंकडा म्हणून दाखविला. मुलगी घरीं येऊन बोलली नाहीं. आठ दिवसांनीं आईस कळलें. दापोलीच्या ओटीची मला त्या दिवशीं आठवण झाली ती उगाच नव्हे.

असो. त्या आषाढांतल्या दुपारीं मला हवी ती ओळ अखेर सांपडली. नांव बरोबर, बापाचें नांव बरोबर, जन्मतारीख अर्थातच १ जून, आणि जातीच्या रकान्यांत केवळ 'कु.' हें एक अक्षर व पुढें टिंब. हें टिंब 'कुणबी'चें कीं 'कुळवाडी'चें यावर कचेरींत वाद होणार हें दिसतच होतें. त्याच पानावर खालीं, त्याच हस्ताक्षरांत, त्याच वाडींतील दुसऱ्या एका मुलापुढें 'कुणबी' असें पुरतें लिहिलेलें आढळलें. मुख्याध्यापकांस मीं तीहि ओळ दाखविली आणि दोन्ही ओळींचा उतारा मागितला. दुसरी ओळ परक्या कुटुंबाची, ती देतां येईल कीं नाहीं याचा ते बराच वेळ विचार करीत बसले, आणि तो विचार त्यांनीं केला याचें मला मनापासून बरें वाटलें. शेवटीं त्या घरच्या माणसाचें संमतिपत्र आणावें असें ठरलें. विद्यार्थी तें आणावयास वाडीवर गेला.

तोंवर लेखनिकानें मजपुढें अर्जाचा नमुना ठेविला. अर्जदाराचें नांव, पत्ता, भ्रमणध्वनि, आधार क्रमांक, आणि उतारा कोणत्या कामासाठीं हवा. शेवटचा रकाना मीं सविस्तर भरला. आधार क्रमांकाचा कोरा ठेविला. लेखनिकानें तो पाहिला, माझ्याकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां अर्जावर शिक्का मारला.