मोठे आणि थोर

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, गणेशगुडीजवळ, काळी नदीवर सुपे धरण उभे आहे. उंची १०१ मीटर, लांबी ३३२ मीटर. त्यास मोठे धरण असे कोणीही म्हणेल. ‘थोर धरण’ मात्र मराठी माणसाच्या तोंडून निघावयाचे नाही. असे का व्हावे?

‘थोर’ हा शब्द मूळचा आकाराचाच. संस्कृत ‘स्थूर’ म्हणजे जाड, भरीव. प्राकृतात त्याचे ‘थोर’ झाले. जुन्या मराठीत तो वस्तूंनाही लागे. पुढे आकाराचे काम ‘मोठा’ या शब्दाकडे गेले आणि ‘थोर’ माणसाच्या योग्यतेकडे वळला. मधली पायरी वयाची. थोरला भाऊ तो आधी वयाने थोर. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली थेऊर येथे वारले तेव्हा अवघे २७ वर्षांचे होते, आणि त्या वेळी त्यांस ‘थोरले’ म्हणण्याचे काही कारणही नव्हते. १७७४ साली सवाई माधवराव जन्मले, तेव्हा दोघांत भेद करणे भाग पडले. परंतु पानिपताने खचलेले राज्य सावरणारा, हैदरावर स्वाऱ्या करणारा पुरुष म्हणून लोकांनी त्याच शब्दात थोरवीही ऐकली.

जोयड्यात मराठीबरोबर कोंकणीही कानी पडते. तिच्यात मोठ्याला ‘व्हड’ म्हणतात. हा प्राकृतातील ‘वड्ड’. हिंदीचा ‘बडा’ त्याचाच, आणि आपला ‘वडील’ही त्याच कुळातला. कोंकणीत झाडही व्हड आणि माणूसही व्हड. मराठीने येथे वाटणी केली, हे मला तिचे शहाणपण वाटते.

काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपे गाव होते. तालुक्यालाही त्याचेच नाव होते. १९८७ साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या पाण्याखाली ते गेले. विजेची गरज खरी होती. धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहाची क्षमता १०० मेगॅवॉट आहे. विस्थापितांपैकी अनेकांस रामनगर येथे वसविण्यात आले. जलाशयाचा विस्तार पाहून त्यास मोठा म्हणावे, हे वाजवीच. पण घरदार, देऊळ आणि शेत सोडून गेलेल्यांसमोर त्यास थोर म्हणण्यास जीभ रेटत नाही. तालुका आज जोयडा या नावाने ओळखला जातो. सुपे हे नाव राहिले आहे ते धरणाला.