अंड्यातला जीवाणू आणि एक शब्द

अंड्याचे कवच स्वच्छ आणि अखंड असले की आत जंतू नसणार, असे आपण धरून चालतो. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये हा समज खोटा ठरला. साल्मोनेला एन्टेरिटिडिस हा जीवाणू कोंबडीच्या अंडाशयातच शिरतो; कवच तयार होण्यापूर्वीच अंडे दूषित होते. कोंबडी मात्र धडधाकट दिसते.

डिसेंबर १९८८ मध्ये आरोग्य खात्याच्या कनिष्ठ मंत्री एडविना करी यांनी देशातील ‘बहुतेक’ अंडी-उत्पादनाला लागण झाल्याचे सांगितले. अंड्यांचा खप कोसळला, दोन आठवड्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. ‘बहुतेक’ हा शब्द चुकला होता; धोका मात्र खरा होता. १९९८ पासून तेथे कोंबड्यांना मोठ्या प्रमाणावर लस दिली जाऊ लागली आणि रुग्ण खूप घटले.

‘काही’ आणि ‘बहुतेक’ यांतला फरक शिकवताना ही हकीकत जरूर सांगावी. अंडे पूर्ण शिजवले की हा जीवाणू मरतो, हेही.