स्वस्त डिस्कांची फौज आणि संगमावरचा पूर

शाळेचे निकालपत्रक, पतसंस्थेची खतावणी, विकास सोसायटीच्या कर्जनोंदी हे सारे आता संगणकाच्या डिस्कवर असते. त्यामुळे ‘डिस्क बिघडली तर?’ हा प्रश्न सगळीकडे विचारला जातो. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर वसलेल्या नृसिंहवाडीसारख्या गावात त्याला आणखी एक प्रश्न जोडावा लागतो: ‘पाणी आले तर?’ वरवर पाहता दोन्हींचे उत्तर एकच वाटते, एकाऐवजी दोन प्रती ठेवाव्यात. पण या दोन प्रश्नांमागची गणिते अगदी वेगळी आहेत. ती वेगळी का, हे ‘रेड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तंत्राच्या इतिहासावरून चांगले कळते.

आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली चुंबकीय डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एकावर एक बसवलेल्या होत्या, वजन सुमारे एक टन होते आणि एवढ्या पसाऱ्यात पन्नास लाख अक्षरे मावत. पुढची तीस वर्षे मोठ्या संगणकांच्या जगात एकच दिशा राहिली. डिस्क आणखी मोठी करायची, आणखी भक्कम करायची आणि अर्थातच आणखी महाग करायची. दरम्यान घरगुती संगणकांसाठी लहान, स्वस्त डिस्का निघू लागल्या होत्या, पण मोठ्या कामासाठी त्यांचा विचार फारसे कोणी करत नव्हते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी तो केला. जून १९८८ मध्ये शिकागो येथील परिषदेत त्यांनी मांडलेल्या निबंधात दोन डिस्कांची तुलना होती. एक आयबीएमची ‘३३८०’, क्षमता ७५०० मेगाबाइट. दुसरी कॉनर कंपनीची छोटी डिस्क, क्षमता १०० मेगाबाइट. छोट्या ७५ डिस्का एकत्र बांधल्या तर क्षमता तेवढीच होते, वीज कमी लागते आणि ७५ ठिकाणी एकाच वेळी वाचन-लेखन करता येत असल्याने माहितीची ने-आण बारापटीपर्यंत वाढू शकते, असा त्यांचा हिशेब होता.

मग आधी कोणी हे का केले नाही? याचे उत्तर पाचवीच्या भागाकारात आहे. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असे धरू. म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षे. अशा १०० डिस्का एकत्र ठेवल्या, तर त्यांतली कोणती तरी एक सरासरी ३०० तासांतच बिघडणार. साडेबारा दिवस! आणि माहिती सर्व डिस्कांवर वाटून ठेवलेली असल्यामुळे एक गेली की सगळेच निरुपयोगी.

यावरचा उपाय म्हणजे जादा डिस्क. रेड या नावातल्या ‘रिडंडंट’ शब्दाचा व्यवहारातला अर्थ ‘फाजील’, ‘गरजेपेक्षा जास्त’ असा होतो. इथे मात्र सारे संरक्षण त्या फाजीलपणातच आहे. घनपाठ ऐकलेल्या वाचकांना ही कल्पना नवी वाटणार नाही. दोन शब्द सुलट, उलट, मग तीन शब्द सुलट, उलट, पुन्हा सुलट अशा पुनरुक्तीमुळे एखादा शब्द निसटला तर तो लगेच लक्षात येतो. (म्हणून वेदकाळी संगणकशास्त्र होते असा निष्कर्ष कृपया काढू नये. स्मरणशक्ती आणि डिस्क दोन्ही दगा देतात, एवढेच साम्य.) पुनरुक्ती मात्र महाग पडते. बर्कलीच्या मंडळींना कमीत कमी जादा जागेत काम भागवायचे होते.

ते कसे भागते, हे फळ्यावर करून दाखवता येईल. तीन डिस्कांवर अनुक्रमे १०११, ०११० आणि ११०० हे आकडे आहेत. चौथ्या डिस्कवर असे आकडे लिहा, की प्रत्येक उभ्या रांगेतल्या १ ची संख्या सम व्हावी. उत्तर येते ०००१. आता दुसरी ओळ पुसून टाका आणि वर्गाला ती शोधायला सांगा. पहिल्या उभ्या रांगेत १, १ आणि ० उरले आहेत. १ ची संख्या आधीच सम आहे, म्हणून पुसलेला आकडा ०. दुसऱ्या रांगेत ०, १, ० आहेत, म्हणून १. याप्रमाणे ०११० पुरे परत मिळते. डिस्का तीन असोत की दहा, जादा डिस्क एकच पुरते. अट अशी, की एका वेळी एकच डिस्क बिघडली पाहिजे.

खरे सांगायचे तर यातले फारसे काही नवे नव्हते. दोन डिस्कांवर तीच माहिती लिहिण्याची पद्धत टँडम कंपनीच्या संगणकांत आधीपासून होती. बिघडलेल्या साठ्यातली माहिती अशा रीतीने परत मिळवण्याचे पेटंट आयबीएमच्या नॉर्मन केन ओउची यांना १९७८ मध्येच मिळाले होते. माझ्या मते बर्कलीच्या निबंधाचे मोठेपण दोन गोष्टींत आहे. विखुरलेल्या युक्त्यांना त्यांनी पहिली ते पाचवी अशा पायऱ्यांचे क्रमांक दिले आणि प्रत्येक पायरीचा हिशेब मांडला.

तो हिशेब असा. १०० डिस्कांचे दहा-दहाचे गट करू आणि प्रत्येक गटाला एक जादा डिस्क देऊ. एकूण ११० डिस्का. त्यांतली एखादी सरासरी २७३ तासांनी बिघडणार. ती बदलून माहिती पुन्हा भरायला एक तास लागतो असे समजू. त्या एका तासात त्याच गटातल्या उरलेल्या दहांपैकी दुसरी एखादी बिघडली, तरच माहिती जाईल. ही शक्यता दहा भागिले तीस हजार, म्हणजे तीन हजारांत एक. २७३ ला ३००० ने गुणले की सुमारे ८,२०,००० तास येतात. नव्वदहून अधिक वर्षे! दहा टक्के जादा खर्चात साडेबारा दिवसांची नव्वद वर्षे झाली.

पण दुरुस्तीचा तो ‘एक तास’ बारकाईने पाहा. गावाचा रस्ता पाण्याखाली आहे आणि नवी डिस्क यायला आठवडा लागणार आहे असे समजा. एका तासाऐवजी १६८ तास. ८,२०,००० ला १६८ ने भागले की ५००० पेक्षाही कमी तास उरतात. नव्वद वर्षांचे सात महिनेही राहिले नाहीत. सुटी डिस्क आधीच यंत्रात बसवून ठेवावी, म्हणजे बिघाड होताच ती आपोआप कामाला लागते, हा सल्ला यासाठीच देतात.

रेडमधले ‘आय’ हे अक्षर मुळात ‘इनएक्स्पेन्सिव्ह’, म्हणजे स्वस्त, या शब्दाचे होते. विकणाऱ्यांना ‘स्वस्त’ शब्द अडचणीचा वाटला असावा. पुढे त्या अक्षराचा अर्थ ‘इंडिपेंडंट’, स्वतंत्र, असा रूढ झाला. गंमत अशी की वरच्या गणितात नेमके तेच गृहीत आहे. प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे बिघडते, एकीच्या बिघाडाचा दुसरीशी संबंध नसतो, असे धरल्याशिवाय तो गुणाकार करताच येत नाही. हे गृहीत कितपत खरे, हे तपासणाऱ्यांत मूळ लेखकांपैकीच एक होते. बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ साली सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी अभ्यासल्या. उत्पादकांच्या आकड्यांवरून वर्षाला एक टक्क्याहूनही कमी डिस्का बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात दोन ते चार टक्के हे प्रमाण सर्रास आढळले. शिवाय बिघाड सुटे-सुटे नव्हते. एक बिघाड झाला की लवकरच दुसरा होण्याचा संभव वाढलेला दिसला. असे का व्हावे, याचा अंदाज करणे अवघड नाही. एका पेटीतल्या डिस्का बहुधा एकाच वेळी खरेदी केलेल्या असतात. उकाडा, धूळ आणि विजेचे झटकेही त्या एकत्रच सोसतात.

पूर हे या परस्परसंबंधाचे टोकाचे उदाहरण. वाडीच्या दत्तमंदिरात पावसाळ्यात नदीचे पाणी उत्तरेच्या बाजूने गाभाऱ्यात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. हा दक्षिणद्वार सोहळा. पाणी आणखी चढले की पादुका जागीच राहतात, उत्सवमूर्ती मात्र वरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात हलवली जाते. दुसरे स्थान घाटावरच शेजारी नाही, ते उंचावर आहे, हे तंत्रज्ञाने ध्यानात घेण्याजोगे आहे. एका पेटीत आठ डिस्का असोत वा ऐंशी, तळमजल्यावर पाणी शिरले की बिघाडाची संख्या ‘एक’ राहत नाही आणि सम-विषमाचे गणित तिथेच संपते.

‘आभासी संगणकां’मुळे हा प्रश्न अधिक गंभीर झाला आहे. एका मोठ्या संगणकावर अनेक संगणक असल्याचा भास निर्माण करण्याची कल्पना आयबीएमने १९७२ मध्ये बाजारात आणली. लहान यंत्रांवर ती १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीमुळे रुजली. आता एखाद्या संस्थेचे हिशेब, हजेरी, टपाल आणि ग्रंथालय असे चार-पाच सर्व्हर एकाच यंत्रात नांदतात. त्यांचा साठा एकाच रेडमधून ‘व्हॉल्यूम’ पाडून दिलेला असतो. शेताचे बांध घालून तुकडे करावेत, तसे. १९८८ साली मोठी डिस्क फोडून लहान केल्या, आता लहान डिस्का जोडून पुन्हा एकच मोठी केली आणि सगळे तिच्यावर ठेवले.

अशा यंत्राची मांडणी करताना पाचव्या पायरीचा मोह होतो, कारण तिच्यात जागा सर्वांत कमी वाया जाते. चार टेराबाइटच्या आठ डिस्कांतून २८ टेराबाइट मिळतात. जोड्या लावून प्रती ठेवणाऱ्या ‘रेड दहा’त केवळ १६. पण पाचवीत एक छोटा बदल लिहायला चार क्रिया लागतात: जुनी माहिती वाचा, जुना सम-विषम आकडा वाचा, मग दोन्ही नवे लिहा. जोडीत दोनच. आभासी संगणक छोटे-छोटे बदल सतत लिहीत असतात, म्हणून त्यांना जोडीच मानवते. त्यातच दोन लेखनांच्या मध्ये वीज गेली, तर माहिती आणि सम-विषम आकडा यांचा मेळ तुटतो. भारनियमन सोसलेल्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. यासाठी नियंत्रक कार्डावरच्या स्मृतीला बॅटरीचा आधार देतात, आणि तो टाळून पैसे वाचवणे मला तरी पटत नाही. डिस्का फार मोठ्या असतील तर सहावी पायरी बरी. तिच्यात दोन डिस्का गेल्या तरी निभावते, कारण मोठी डिस्क पुन्हा भरायला आता एक तास नव्हे, कित्येक तास, कधी दिवसही लागतात.

एवढे करूनही कारकुनाने चुकून पुसलेली नोंद रेड तितक्याच इमानाने सर्व डिस्कांवरून पुसते. तिच्यासाठी वेगळी प्रत लागते, आणि ती कुठे ठेवायची हाच वाडीचा खरा प्रश्न आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी कोल्हापूर शहरात शिरले, कृष्णेचे सांगलीत. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. म्हणजे वाडीची प्रत सांगलीत वा कोल्हापुरात नदीकाठच्या तळमजल्यावर ठेवली, तर गाव बदलते पण पाणी तेच राहते. तीच प्रत उंचावरच्या इमारतीत वा सोलापूर-नागपूरकडे ठेवली, तर १९८८ च्या निबंधात गृहीत धरलेले स्वातंत्र्य बऱ्याच अंशी परत मिळते. ती जूनपूर्वी एकदा प्रत्यक्ष उघडून पाहावी लागते, कारण न उघडलेल्या प्रतीबद्दल कोणतेही सूत्र काही सांगत नाही.